शय्याव्रण समजली गेलेली जखम: मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या हर्पिसचे एक प्रकरण

या लेखातील रुग्ण अभ्यासासाठी रचलेला आहे. मात्र त्याच्या आजाराचा क्रम, त्यात झालेल्या चुका आणि त्यावरचे उपचार प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांमध्ये प्रत्यक्षात दिसतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण ४६ वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो. अकरा महिन्यांपूर्वी त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधे नियमित चालू होती. सायटोमेगॅलोव्हायरस या हर्पिसच्याच कुळातील विषाणूपासून संरक्षण म्हणून दिलेले व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूप्रतिबंधक औषध सहा महिने पूर्ण झाल्यावर ठरल्याप्रमाणे बंद करण्यात आले होते. अकराव्या महिन्यात शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्यास सुरुवात केली, मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन ६ च्या वर गेले आणि काही दिवस डायलिसिस करावे लागले. हा हल्ला मोडून काढण्यासाठी मिथाइलप्रेडनिसोलोनची इंजेक्शने आणि त्यानंतर अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन देण्यात आले. हे दुसरे औषध विषाणूंशी लढणाऱ्या टी-पेशींची संख्या इतकी खाली आणते की ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. अशा उपचारानंतर विषाणूप्रतिबंधक औषध पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. या रुग्णाच्या बाबतीत ते राहून गेले, आणि पुढच्या घटनांचे पहिले बीज याच वगळलेल्या ओळीत होते असे मला वाटते.

त्याच मुक्कामात त्याला न्यूमोनिया झाला आणि तो जवळपास तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता. दुसऱ्या आठवड्यात ओठावर पाण्याचे बारीक फोड आले. ते हर्पिसचे आहेत हे लगेच ओळखले गेले आणि त्या विषाणूला रोखणाऱ्या अ‍ॅसायक्लोव्हिरची २०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. डायलिसिसवर असलेल्या रुग्णासाठी ही मात्रा योग्यच होती, आणि ओठ आठ दिवसांत बरा झाला. तिसऱ्या आठवड्यात अंग पुसताना परिचारिकेला नितंबांच्या फटीत, माकडहाडाच्या थोडे खाली, एक अरुंद ओली भेग दिसली. रुग्ण पडून होता आणि त्वचा ओलसर होती, म्हणून नोंदवहीत ‘शय्याव्रण (पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम), प्राथमिक अवस्था’ असे लिहिले गेले. त्या दिवशी तो निष्कर्ष काढणे अगदी स्वाभाविक होते. दोष पुढच्या सहा आठवड्यांचा आहे, कारण त्या काळात ही नोंद एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत गेली आणि जखमेकडे नव्या डोळ्यांनी कोणी पाहिले नाही.

रुग्ण घरी गेला, चालू-फिरू लागला आणि मूत्रपिंडही सावरले. क्रिएटिनिन १.४ वर येऊन स्थिरावले. जखम मात्र वाढत राहिली. एक दिवसाआड ड्रेसिंग होत होते. स्वॅबच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास आणि एन्टेरोकॉकस हे जिवाणू वाढले आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचे दोन क्रम झाले. गुदद्वाराजवळच्या उघड्या, ओल्या जखमेत हे जिवाणू मिळणारच. ते तेथे राहत आहेत एवढेच त्यावरून कळते, जखम त्यांनी केली असे सिद्ध होत नाही. प्रत्येक क्रमानंतर स्राव थोडा कमी होई, त्यामुळे सर्वांना धीर येई, आणि आठवड्याभरात जखमेची कड आणखी अर्धा सेंटिमीटर पुढे सरकलेली असे. रुग्णाला बसणे अशक्य झाले होते. शौचास जाण्याच्या भीतीने त्याने जेवण कमी केले होते. ड्रेसिंगच्या वेळी तो ओरडत असे, आणि त्याची सहनशक्तीच कमी आहे असा समज करून घेतला गेला होता.

सहाव्या आठवड्यात त्याला त्वचारोग विभागाकडे पाठवण्यात आले. जखम ७ बाय ५ सेंटिमीटरची होती, तळ लाल आणि ओला होता, आणि कडा पांढुरक्या होत्या. त्या कडा एकसंध गोल नव्हत्या. लहान लहान अर्धवर्तुळे एकमेकांना जोडावीत तशी त्यांची नक्षी झाली होती. अशी नक्षी सहसा तेव्हा दिसते जेव्हा अनेक छोटे फोड फुटून एकमेकांत मिसळलेले असतात. डाव्या नितंबावर मुख्य जखमेपासून सुटी अशी तीन-चार मिलिमीटरची दोन गोल क्षते होती. फटीच्या तळाशी सुरीने कापल्यासारखी सरळ भेग होती. त्वचेच्या घडीत हर्पिस असाच दिसतो, कारण घर्षणाने आणि ओलाव्याने फोडांचे छत काही तासांतच निघून जाते. ‘पाण्याचे फोड नाहीत, म्हणजे हर्पिस नाही’ हे अनुमान घडीच्या जागी कधीच करू नये.

तरीही निर्णायक खूण जखमेच्या दिसण्यात नव्हती, तिच्या इतिहासात होती. शय्याव्रण हाडाच्या उंचवट्यावर दाबाने होतो आणि दाब हटला की सावकाश का होईना आकसू लागतो. हा रुग्ण महिनाभर चालत होता, कुशीवर झोपत होता, आणि जखम हाडावर नसून फटीत होती. कारण दूर झाल्यावरही परिणाम वाढत असेल, तर आपण मानलेले कारणच चुकले आहे. शिवाय शय्याव्रणाच्या मानाने वेदना फार जास्त होती. हर्पिसचा विषाणू संवेदी मज्जातंतूंमधून त्वचेत उतरत असल्यामुळे त्याची वेदना जळजळीत आणि जखमेच्या आकाराच्या तुलनेत अवाजवी असते. रुग्णाचे ओरडणे हे निदानाचे साधन होते, आणि ते सहा आठवडे वाया गेले.

येथे एक आक्षेप पुढे आला, आणि तो वरवर पाहता बिनतोड होता. रुग्ण ओठाच्या हर्पिसपासून अ‍ॅसायक्लोव्हिर घेतच होता, मग हर्पिसची जखम वाढेल कशी? गोळ्यांची पाकिटे पाहिल्यावर याचे उत्तर सापडले. डायलिसिसच्या दिवसांत ठरवलेली २०० मिलिग्रॅम दोनदा ही मात्रा, मूत्रपिंड सावरल्यानंतरही, तशीच चालू राहिली होती. या औषधाचा तोंडावाटे घेतलेला जेमतेम १५ ते ३० टक्के भाग रक्तात पोहोचतो आणि निरोगी मूत्रपिंड तो काही तासांत बाहेर टाकते. म्हणजे जो बंदोबस्त आहे असे सर्वजण धरून चालले होते तो नावापुरताच होता. अपुऱ्या मात्रेने विषाणू थांबला नाहीच. उलट, औषधाच्या सौम्य सान्निध्यात आठवडेच्या आठवडे वाढण्याची संधी त्याला मिळाली, आणि त्यातून कोणते वाण निवडले जाते हे पुढे दिसले. मूत्रपिंड बिघडले की मात्रा घटवावी हे प्रत्येक जण लक्षात ठेवतो. ते सुधारले की मात्रा वाढवावी, हे आठवणीने करणारे कमी.

त्याच दिवशी क्षताचा तळ खरवडून झांक स्मिअर केला. त्यात अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसल्या. ही तपासणी १९४७ पासून वापरात आहे आणि काही मिनिटांत होते, पण ती हर्पिस सिम्प्लेक्स आणि नागिणीचा विषाणू यांत फरक करू शकत नाही. म्हणून कडेवरचा स्वॅब पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य ओळखणाऱ्या चाचणीसाठी, पाठवला आणि दोन ठिकाणच्या कडेतून बायॉप्सी घेतली. तळातून घेतलेल्या तुकड्यात बहुधा मृत पेशी आणि जिवाणूच मिळतात, तर जिवंत विषाणू पुढे सरकणाऱ्या कडेवर असतो, त्यामुळे नमुना कोठून घेतला याला फार महत्त्व आहे. पीसीआरमध्ये हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू प्रकार २ आढळला. ओठावर बहुतेक वेळा प्रकार १ असतो, त्यामुळे ओठाचा आणि फटीतला आजार हे एकाच घटनेचे दोन भाग नसून, संरक्षण कोसळल्यावर वेगवेगळ्या मज्जातंतूंच्या गंडिकांमधून (मज्जापेशींच्या पुंजक्यांमधून) स्वतंत्रपणे जागे झालेले दोन विषाणू असावेत. बायॉप्सीत हर्पिसचे बदल स्पष्ट होते. सायटोमेगॅलोव्हायरससाठी केलेली विशेष रंगक्रिया, तसेच क्षयरोगाच्या जंतूंसाठी आणि बुरशीसाठी केलेल्या तपासण्या नकारात्मक आल्या. कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. एचआयव्हीची चाचणीही नकारात्मक होती. यांपैकी एकही तपासणी वगळण्यासारखी नव्हती, कारण अशा रुग्णांत एकाच जखमेत दोन कारणे नांदू शकतात आणि पहिले सापडले की शोध थांबवण्याचा मोह आवरावा लागतो.

निरोगी माणसात हर्पिस सात ते दहा दिवसांत आपोआप भरतो याचे श्रेय औषधाला नसते. मज्जातंतूंच्या टोकांजवळ त्वचेतच पहारा देणाऱ्या टी-पेशी विषाणू बाहेर पडताच त्याला घेरतात, आणि फोड ही त्या चकमकीची जागा असते. या रुग्णाच्या टी-पेशी ग्लोब्युलिनने फार खाली आणल्या होत्या आणि नव्या पेशींची वाढ मायकोफेनोलेट रोखत होते. अशा त्वचेत विषाणू पेशीमागून पेशी नष्ट करत बाहेरच्या दिशेने सरकत राहतो. १९८१ साली, एड्सचे अगदी पहिले रुग्ण नोंदले जात होते तेव्हा, गुदद्वाराभोवतीच्या महिनोन्‌महिने न भरणाऱ्या हर्पिसच्या जखमांचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. महिन्याहून जास्त टिकणारा हर्पिसचा व्रण आजही एचआयव्हीबाधितात एड्सचे लक्षण मानला जातो. प्रत्यारोपण आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत तोच आजार त्याच कारणाने होतो, पण तेथे तो मनात यायला उशीर होतो.

निदान झाल्यावर रुग्णाला दाखल करून अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेवाटे, दर किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेने, दर आठ तासांनी सुरू केले. मूत्रपिंडात औषधाचे स्फटिक साचू नयेत म्हणून प्रत्येक मात्रा तासभर सावकाश आणि पुरेशा सलाईनसह दिली. मूत्रपिंडतज्ज्ञांनी मायकोफेनोलेट निम्म्यावर आणले. हा निर्णय लिहायला एक ओळ लागते, घ्यायला मात्र धैर्य लागते, कारण ज्या मूत्रपिंडाला शरीराने दोन महिन्यांपूर्वी नाकारले होते त्याचेच संरक्षण यात कमी होत होते. जखम हाताळणाऱ्या सर्वांना हातमोजे सक्तीचे केले. तोवर ती शय्याव्रण समजून उघड्या हातानेही हाताळली गेली होती, आणि हर्पिसचा विषाणू बोटाच्या चिरेतून शिरून वेदनादायक फोड आणू शकतो.

पाचव्या दिवशी वेदना किंचित कमी होती. दहाव्या दिवशी कडेबाहेर दोन नवी क्षते दिसली. पुरेशा मात्रेत सात ते दहा दिवस औषध देऊनही प्रतिसाद नसेल तर विषाणू औषधाला दाद देत नाही असे मानून पुढे जावे लागते. तसे म्हणण्यापूर्वी मात्रा, औषध पोहोचण्याचा मार्ग आणि मूळ निदान हे तिन्ही तपासून घ्यावे लागतात, आणि येथे ते तपासलेले होते.

अ‍ॅसायक्लोव्हिर स्वतः निष्क्रिय असते. विषाणूच्याच थायमिडीन कायनेज या विकराने (एन्झाइमने) त्याला पहिला फॉस्फेट जोडला की ते जागे होते, नंतर पेशीची विकरे आणखी दोन फॉस्फेट जोडतात, आणि मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ थांबवते. ज्या निरोगी पेशीत विषाणू नाही तेथे हे औषध जवळजवळ जागेच होत नाही, म्हणून ते इतके सुरक्षित आहे. औषधांच्या रचनेमागील अशाच तत्त्वांच्या शोधासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण याच चातुर्यात कमकुवत जागा आहे. विषाणूने थायमिडीन कायनेज बनवणेच सोडले तर औषध जागे होत नाही. दाद न देणाऱ्या वाणांपैकी सुमारे ९५ टक्के याच मार्गाने तयार होतात. या रुग्णाच्या विषाणूचा जनुकीय अहवाल सोळा दिवसांनी आला. थायमिडीन कायनेजच्या जनुकात ग्वानिन या डीएनएच्या अक्षराची सलग सात अक्षरे येतात, तेथे एक अक्षर जास्तीचे शिरले होते आणि त्यापुढचा सारा मजकूर निरर्थक झाला होता. व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसिक्लोव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर ही तिन्ही औषधे हर्पिसमध्ये याच विकरावर विसंबून असल्याने ती बदलून पाहण्यात काहीच अर्थ नव्हता.

आता उरलेल्या पर्यायांपैकी एकही मूत्रपिंडाला सोयीचा नव्हता. शिरेवाटे सिडोफोव्हिर तर मूत्रपिंडासाठी फारच घातक. त्याचे मलम लावता येते, पण ७ बाय ५ सेंटिमीटरच्या कातडी नसलेल्या पृष्ठभागातून ते रक्तात शोषले जाऊन तोच अपाय करू शकते. इमिक्विमॉड हे मलम त्वचेतील प्रतिकारशक्ती चाळवते, पण त्याचा परिणाम सावकाश होतो आणि इतक्या मोठ्या, दुखऱ्या जखमेवर ते असह्य ठरले असते. फॉस्कार्नेटला थायमिडीन कायनेज लागत नाही, ते विषाणूचा डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज या विकराला थेट अडवते, म्हणून या वाणावर ते निश्चित चालणार होते. तेही मूत्रपिंडाला इजा करते, आणि टॅक्रोलिमसच्या जोडीने ती इजा वाढते. आणखी काही आठवडे वाट पाहावी असेही मत होते, कारण मायकोफेनोलेट घटवल्यावर शरीर स्वतःच सावरेल अशी आशा होती. मला ते मत मान्य नव्हते. उघडी जखम गुदद्वाराला लागून होती आणि टी-पेशी सावरायला महिने लागणार होते. त्या काळात जंतू रक्तात शिरले असते तर मूत्रपिंडाबरोबर रुग्णही गमावण्याची शक्यता होती. रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला दोन्ही बाजू पूर्ण सांगितल्या. त्यांनी फॉस्कार्नेट निवडले.

मूत्रपिंडाच्या कार्यानुसार घटवलेली मात्रा, प्रत्येक मात्रेपूर्वी सलाईन, पंपाने सावकाश देणे, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट व कॅल्शियम यांची रोजची तपासणी असे नियोजन होते. सहाव्या दिवशी औषध चालू असतानाच रुग्णाला ओठांभोवती मुंग्या आल्या. रक्तातील एकूण कॅल्शियम ठीक होते, तरी आयनीभूत, म्हणजे मोकळे आणि प्रत्यक्ष काम करणारे, कॅल्शियम कमी निघाले. फॉस्कार्नेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे एकूण आकडा फसवतो. गती आणखी कमी केली, कॅल्शियम व मॅग्नेशियम दिले आणि मुंग्या थांबल्या. बाराव्या दिवशी शिश्नाच्या टोकावर नवी क्षते आली. आधीच्या अनुभवामुळे सर्वांच्या मनात हर्पिसच आला. मात्र येथे पीसीआर नकारात्मक होता. फॉस्कार्नेट लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते आणि तेथील नाजूक त्वचा भाजते. प्रत्येक वेळी लघवीनंतर भरपूर पाण्याने धुण्यास सांगितल्यावर ती क्षते पाच दिवसांत भरली. सहा आठवडे ज्या जखमेत हर्पिस दिसला नाही, त्याच माणसात आता नसलेला हर्पिस दिसू लागला होता, आणि दोन्ही वेळा योग्य वाट नमुना घेण्याचीच होती.

जखम दुसऱ्या आठवड्यात कडेकडून भरू लागली. एकोणिसाव्या दिवशी क्रिएटिनिन २.१ झाले आणि औषध थांबवावे लागले, तेव्हा दीड सेंटिमीटरचा भाग उघडा होता. तो पुढच्या पंधरा दिवसांत बंद झाला. क्रिएटिनिन १.६ वर उतरून तेथेच राहिले. म्हणजे मूत्रपिंडाने थोडी किंमत मोजली. निदान पहिल्या आठवड्यात झाले असते आणि मात्रा वेळीच वाढवली असती, तर बहुधा ती मोजावी लागली नसती.

एका गोष्टीबद्दल वैद्यकीय टिपणांत फारसे लिहिले जात नाही. प्रकार २ चा हर्पिस मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो हे रुग्णाच्या पत्नीने वाचले होते. तिने विचारले, “डॉक्टर, हा आजार यांना आत्ता कोठून झाला?” प्रश्न आजाराबद्दल होता, पण तिला विचारायचे होते ते वेगळेच. हा विषाणू बहुतेकांना कळतही नाही अशा रीतीने शरीरात येतो, कमरेच्या खालच्या मज्जातंतूंच्या गंडिकांमध्ये दशकानुदशके निपचित राहतो, आणि प्रतिकारशक्ती कोसळल्यावर प्रथमच दिसतो. आजच्या जखमेवरून तो कधी आला हे कोणालाही सांगता येत नाही, लग्नापूर्वी की नंतर हेसुद्धा नाही, आणि दोघांपैकी कोणाकडून आला हेही नाही. हे तिला स्पष्ट शब्दांत, पतीच्या उपस्थितीत सांगणे हा माझ्या मते उपचाराचा भाग होता. फोड नसतानाही विषाणू बाहेर पडू शकतो, म्हणून निरोधाचा वापर आणि प्रतिबंधक गोळ्या यांविषयीही त्याच बैठकीत बोलणे झाले.

प्रतिबंधासाठी व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. विषाणू दाद देत नव्हता तर हे औषध कशासाठी, असा प्रश्न रुग्णाने विचारला आणि तो अगदी योग्य होता. थायमिडीन कायनेज गमावलेला विषाणू त्वचेत वाढू शकतो, पण गंडिकेत निद्रेतून जागे होण्यास तो सहसा दुबळा ठरतो. गंडिकेत लपलेला साठा बहुधा मूळच्या, औषधाला दाद देणाऱ्या विषाणूचाच असतो. म्हणून पुढचा उद्रेक नेहमीच्या औषधाने आटोक्यात येण्याची शक्यता बरीच असते, खात्री मात्र नसते. प्रत्येक उद्रेकाचा नमुना नव्याने तपासावा लागतो.

सात महिन्यांनी, दोन दिवस गोळ्या चुकल्यानंतर, त्याच फटीत त्याला एक भेग जाणवली. तो त्याच दिवशी आला. स्वॅब घेतला, क्रिएटिनिन पाहून व्हॅलासायक्लोव्हिरची पूर्ण उपचारमात्रा दिली आणि पाचव्या दिवशी पुन्हा बोलावले. पीसीआरमध्ये प्रकार २ होता. पाचव्या दिवशी भेग निम्मी भरली होती, नवव्या दिवशी त्वचा अखंड होती.